थडगं द्यावं, नमस्कार कशाला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग पाऊस, मग पाहुणे... असो. आजचं लिखाण थोडं भांडणाचं आहे. भांडण माझ्या भाच्याशी आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त माझ्याशीच आहे. तो हे वाचणार हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे पाठीमागे बोलल्याचा ठपका नको.

झालं असं. भाचा जर्मनीत उल्म गावी असतो. एका उन्हाळ्यात मी दीड महिना त्याच्याकडे राहून आले. पहिल्याच रविवारी म्हणाला, "आत्या, तुला एक गंमत दाखवायची आहे, चल." गाडीने थोडं अंतर गेलो. हेर्लिंगेन नावाचं टुमदार गाव, तिथली छोटीशी दफनभूमी. एका थडग्यापुढे हा ताठ उभा राहिला आणि चक्क सॅल्यूट ठोकला. "ओळख बरं!" म्हणाला. मी चष्मा पुसून नाव वाचलं. एर्विन रोमेल. आणि सांगायला लाज वाटते, माझेही हात आपोआप जोडले गेले.

परत येताना म्हणाला, "नववीत तूच शिकवला होतास ना रोमेल! वाळवंटातला कोल्हा. शत्रूसुद्धा ज्याला मानायचे तो."

खरं आहे. मीच शिकवला होता. पाठ्यपुस्तकात दुसरं महायुद्ध जेमतेम चार पानांत संपायचं. सनावळ्यांनी पोरं जांभया द्यायला लागली की मी रोमेल काढायचे. ट्रकांनी धूळ उडवून रणगाडे असल्याचा भास करणारा रोमेल. कैद्यांना नीट वागवणारा रोमेल. आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९४४, घरी आलेले दोन जनरल, खिशातली विषाची कुपी, बायकोचा आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेऊन गाडीत बसलेला रोमेल. इथे वर्गात टाचणी पडली तरी आवाज यायचा. पस्तीस वर्षं हा तास मी रंगवला. तो खोटा नव्हता, पण अर्धा होता. आणि अर्धा इतिहास पोरांच्या डोक्यात पक्का बसला की पुरा खोटा होतो, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

आता त्या शेवटच्या प्रसंगाचंच घ्या. रोमेल गेला, आणि पुढे चार दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, उल्मच्या टाउन हॉलमध्ये सरकारी इतमामात त्याचा अंत्यविधी झाला. ज्याने विष पाठवलं त्यानेच पुष्पचक्रही पाठवलं. भाषण केलं फील्ड मार्शल रुंडश्टेटने, आणि रोमेलचं हृदय फ्युररचं होतं असं सांगून तो मोकळा झाला. देहाचं दहन केलं, म्हणजे विषाचा पुरावाही गेला. मग राख हेर्लिंगेनला. आम्ही ज्या थडग्यापुढे उभे होतो त्याचा पायाच असा एका सरकारी थापेवर घातलेला.

हा रुंडश्टेट कोण, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. २० जुलै १९४४ ला हिटलरवर बॉम्ब टाकण्याचा कट फसला. कटातल्या अधिकाऱ्यांवर लष्करी कोर्टात खटला चालला असता. तसं न होता ते थेट नाझींच्या लोकन्यायालयाच्या तावडीत सापडावेत म्हणून त्यांना आधी सैन्यातून हाकलायचं ठरलं. त्यासाठी एक 'सन्मान न्यायालय' नेमलं. (नाव बघा!) त्याचा अध्यक्ष हाच रुंडश्टेट. कायटेल आणि गुडेरियन त्याच्या पंक्तीला. आरोपींना समोर उभंसुद्धा न करता त्यांनी जुन्या सहकाऱ्यांची नावं खोडली. त्यातला फील्ड मार्शल विट्झलेबेन ८ ऑगस्टला बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात फासावर गेला. त्याला थडगं नाही. रुंडश्टेट युद्धानंतर ब्रिटिशांच्या कैदेत होता. तब्येतीच्या कारणावरून खटला न चालताच १९४९ मध्ये सुटला, १९५३ मध्ये हानोव्हरला वारला, आणि तिथल्या श्टोकेनच्या दफनभूमीत रीतसर विसावला आहे.

भाचा म्हणतो, "आत्या, ते सैनिक होते. हुकूम पाळला. गुन्हे एसएसवाल्यांनी केले."

हे वाक्य त्याचं नाही. ते या जनरल लोकांनीच सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी तयार करून बाजारात आणलेलं आहे. मी स्वतः ते विकत घेतलं होतं, त्यामुळे त्याचा छाप मला ओळखता येतो. युद्ध संपल्यावर यांना पोटापाण्याचा उद्योग मिळाला तो आठवणी लिहिण्याचा. हाल्डर नावाचा भूसेनेच्या जनरल स्टाफचा माजी प्रमुख अमेरिकन सैन्याच्या इतिहास विभागासाठी वर्षानुवर्षं काम करत होता आणि १९६१ मध्ये अमेरिकनांकडून त्याचा गौरवही झाला. म्हणजे हरलेल्या बाजूच्या सेनापतीने युद्धाचा इतिहास लिहून घेतला, आणि तोही जिंकलेल्यांच्या पैशाने! गुडेरियनचं आत्मचरित्र आलं, १९५५ मध्ये मान्स्टाइनचं 'हातचे गेलेले विजय' अशा अर्थाच्या नावाचं आलं. दोन्हींच्या इंग्रजी आवृत्त्यांना लिडेल हार्टची प्रस्तावना. १९५१ मध्ये रोमेलवर सिनेमा निघाला, जेम्स मेसनचा. तो ज्या पुस्तकावर बेतला होता त्याचा लेखक डेस्मंड यंग हिंदी सैन्यातला ब्रिगेडियर, आफ्रिकेत जर्मनांच्या हाती सापडलेला. शत्रूनेच आरती म्हटली म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी टाळ्या वाजवल्या यात नवल ते काय?

पण या पुस्तकांत काय नाही ते पाहा. १० ऑक्टोबर १९४१ ला फील्ड मार्शल राइखेनाऊने आपल्या सहाव्या सैन्याला हुकूम काढला. ज्यूंना कठोर शिक्षा देणं कसं योग्य आहे, हे सैनिकाने समजून घेतलं पाहिजे, अशा आशयाचा. त्याच्या दहा-अकरा दिवस आधी, २९ आणि ३० सप्टेंबरला, त्याच्याच सैन्याच्या ताब्यातल्या कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत ३३,७७१ ज्यू माणसं गोळ्या घालून मारली गेली होती. आकडा मारणाऱ्यांनीच लिहून ठेवलेला आहे, इतका नेटका. राइखेनाऊचा तो हुकूम त्याचा वरिष्ठ म्हणून रुंडश्टेटने पसंतीसह इतर सेनापतींकडे धाडला. २० नोव्हेंबरला मान्स्टाइनने आपल्या अकराव्या सैन्यासाठी त्याच धर्तीचा हुकूम काढला. ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची नष्ट केली पाहिजे, असं त्यात होतं. न्यूरेंबर्गला तो कागद पुढे ठेवला तेव्हा साहेबांना आठवेना! एरवी कुठल्या दिवशी कुठली डिव्हिजन कुठल्या नदीच्या कोणत्या काठावर होती हे पानंच्या पानं आठवणारा माणूस हा.

शिवाय पगारावर हिटलरकडून गुपचूप खुराक चालू. फील्ड मार्शलला महिन्याला ४,००० मार्क, करमुक्त. गुडेरियनला तर व्यापलेल्या पोलंडमध्ये अख्खी जहागीर मिळाली. हुकमाचे ताबेदार म्हणे! आमच्याकडे तलाठ्याने चहापाण्याचे पैसे घेतले तर गावभर बोभाटा होतो.

आणि यांची थडगी? मान्स्टाइनला १९४९ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटिश कोर्टाने अठरा वर्षं दिली, ती बाराची झाली, आणि १९५३ मध्ये तो बाहेर. नव्या जर्मन सैन्याने त्याचा सल्ला घेतला. १९७३ मध्ये गेला तेव्हा डोर्फमार्क गावी लष्करी इतमामात दफन. गुडेरियन गोस्लारला आहे. फक्त न्यूरेंबर्गला फाशी गेलेल्या कायटेल आणि योडलच्या बाबतीत दोस्तांनी आधीच विचार केला होता. १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी झाल्यावर देह म्युनिकला जाळले आणि राख इझार नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोडली. हेतू एवढाच, की जत्रा भरायला जागा राहू नये.

तरी जागा झालीच. बव्हेरियात चीमझे नावाचं मोठं तळं आहे, त्यात जोगिणींच्या मठाचं एक इवलंसं बेट. तिथल्या दफनभूमीत योडलच्या दोन्ही बायकांच्या थडग्यावर त्याच्याही नावाचा क्रूस उभारला गेला, 'जनरलओबर्स्ट' या हुद्द्यासकट. खाली तो नाहीच! वर मात्र तेव्हा नाव, हुद्दा, सगळं होतं. २०१५ च्या सुमारास एका कलाकाराने त्यावर लाल रंग ओतला, कोर्टकचेऱ्या झाल्या, रंगाची भरपाई त्या कलाकाराकडूनच वसूल करायचं ठरलं. मला स्वतःला असं रंग फेकणं पटत नाही. तिथे दोन बायका खरोखर पुरलेल्या आहेत, त्यांचं काय? पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. ज्याच्या खाली कुणी नाही तो दगड मेलेल्यासाठी नसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतो. त्याला थडगं म्हणायचं की पाटी?

जर्मनीत दफनाची जागा बहुधा भाड्याची असते, हेही मला भाच्यामुळेच कळलं. वीस-तीस वर्षांचा करार. पुढे घरच्यांनी पैसे भरले नाहीत तर दगड काढून जागा दुसऱ्याला. युद्धात मेलेल्यांना मात्र कायद्याने कायमची जागा. फील्ड मार्शल मोडेलने २१ एप्रिल १९४५ ला डुइसबुर्गजवळच्या जंगलात स्वतःला गोळी घातली. १९५५ मध्ये त्याच्या मुलाने तिथून अवशेष काढून फोसेनाकच्या लष्करी दफनभूमीत नेले. आता तो आपल्याच सैनिकांच्या रांगेत आहे, कायमचा. त्याने शरणागती लांबवली म्हणून मेलेली पोरंही अशाच रांगांत असणार.

एका पाउलसबद्दल मात्र मला जरा वेगळं वाटतं. स्टालिनग्राडला ३० जानेवारी १९४३ ला हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं, अपेक्षा ही की आता हा जीव देईल. दुसऱ्या दिवशी तो शरण गेला. त्याच्याबरोबर सुमारे ९१,००० माणसं कैदेत गेली, त्यांतली पाच-सहा हजार घरी परतली. पुढे न्यूरेंबर्गला त्याने रशियावरच्या हल्ल्याच्या तयारीबद्दल जुन्या सोबत्यांविरुद्ध साक्ष दिली, पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला राहिला, १९५७ मध्ये तिथेच वारला. बायको १९४९ मध्येच बाडेन-बाडेनला गेली होती, स्टालिनग्राडनंतर दोघांची गाठ पडली नाही. आज मात्र तो तिच्या शेजारी आहे. आणि व्होल्गोग्राडजवळ रोस्सोश्कात त्याच्या सैनिकांचं दफनस्थान १९९९ मध्ये झालं, तिथे ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या ठोकळ्यांवर बेपत्ता पोरांची नुसती नावं आहेत, एक लाखाच्या वर. बायकोशेजारी जागा मिळालेला त्यांचा सेनापतीच.

आता कटवाल्यांचं. श्टाउफेनबेर्ग कर्नल होता, पण त्याच्याबरोबर ओल्ब्रिख्त आणि बेक हे जनरल त्याच रात्री मारले गेले. बर्लिनच्या एका चर्चच्या आवारात घाईने पुरले. दुसऱ्या दिवशी हिमलरच्या हुकमावरून उकरून काढले, जाळले, आणि राख मैलापाणी सोडायच्या शेतांवर उधळली. तिथे आता नुसता आठवणीचा दगड आहे. हे लोकही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. फासावर गेलेल्या होपनरने मे १९४१ मध्ये रशियावरच्या स्वारीसाठी काढलेला हुकूम वाचला तर अंगावर काटा येतो. पण ज्यांनी शेवटी का होईना 'बस' म्हटलं त्यांना मैल्याचं शेत, आणि ज्यांनी त्यांची नावं खोडली त्यांना फुलांचे वाफे. बाबी यारच्या माणसांना तर तेही नाही. १९४३ मध्ये माघार घेताना जर्मनांनी कैद्यांकडून ते देह उकरून जाळवले. खुणेलाही काही ठेवायचं नव्हतं.

"पण रोमेल तसा नव्हता," भाचा पुन्हा पुन्हा म्हणतो. नव्हता, मान्य. पकडलेल्या कमांडोंना ठार मारायचा हिटलरचा हुकूम त्याने आफ्रिकेत पाळला नाही, हे खरं आहे आणि ते त्याच्या खात्यावर जमा आहे. पण १९३९ मध्ये पोलंडच्या स्वारीत हिटलरच्या मुख्यालयाच्या पहाऱ्यावरचा मुख्य तोच होता. १९४२ मध्ये त्याच्या सैन्याच्या मागोमाग इजिप्तमध्ये शिरायला एसएसची एक तुकडी अथेन्सला तयार बसली होती, वॉल्टर राउफच्या हाताखाली, ज्याने फिरत्या विषारी वायूच्या गाड्या चालवल्या तो राउफ. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधले ज्यू वाचले, कारण रोमेल एल अलामेनला अडला. तो जिंकला असता तर काय झालं असतं, हे एकदा वर्गात विचारलं असतं तर!

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात माझी पहिली नेमणूक होती, तिथे मारुतीच्या पारावर एक म्हातारबा बसलेले असत. डोक्याला मुंडासं, अंगात सैन्यातला जुना खाकी स्वेटर. लोक म्हणत, 'तोब्रुकला धरलेले.' तोब्रुक म्हणजे काय ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसे. मला ठाऊक होतं! २० जून १९४२ ला रोमेलने तोब्रुकची तटबंदी फोडली ती आग्नेयेच्या बाजूने, आणि तिथे उभी होती मराठा पलटणीची दुसरी बटालियन. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, तीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली, आणि हिटलरने लगोलग रोमेलला फील्ड मार्शल केलं. माझ्या वर्गात टाळ्या घेणारा तो दंडुका सातारा-कोल्हापूरच्या पोरांना तुडवून मिळालेला होता. त्या पोरांतला एक माझ्या शाळेपासून शंभर पावलांवर बसलेला असायचा, आणि मी रोज त्याच्यासमोरून छत्री सावरत रोमेल शिकवायला जायचे. एकदाही थांबून विचारलं नाही, "बाबा, काय झालं होतं तिथे?" बदली झाली, मी गेले. नंतर कळलं तेव्हा ते नव्हते.

भाच्याने शेवटी रामायण काढलं. रावण पडल्यावर रामानेच बिभीषणाला सांगितलं की वैर मरणापाशी संपतं, आता याचे संस्कार कर. बरोबर आहे रे बाबा. संस्कार कर म्हणाला. आरती कर नाही म्हणाला!

हे रोमेलच्या मुलाला आपल्याहून चांगलं समजलं होतं. मानफ्रेड रोमेल, विष प्यायला निघालेल्या बापाने ज्याचा निरोप घेतला तो मुलगा, पुढे १९७४ ते १९९६ श्टुटगार्टचा महापौर होता. १९७७ मध्ये बाडर, एन्सलिन आणि रास्पे हे अतिरेकी तिथल्या तुरुंगात मेले, तारीख नेमकी १८ ऑक्टोबर, बापाच्या सरकारी अंत्ययात्रेचीच. त्यांना आमच्या दफनभूमीत जागा नको म्हणून गाव पेटलं. मानफ्रेडने जागा दिली. वैर कुठेतरी संपायला हवं आणि ते मरणापाशी संपावं, असं त्याचं म्हणणं. शिव्या खाल्ल्या, पण हटला नाही. मात्र त्याने जागा दिली ती पुरायला. त्यांच्या नावाने चौक नाही दिला.

परत यायच्या आदल्या आठवड्यात मीच भाच्याला म्हटलं, हाइडेनहाइमला चल. रोमेलचं जन्मगाव, उल्मपासून फार लांब नाही. तिथे टेकडीवर १९६१ मध्ये आफ्रिकेतल्या त्याच्या जुन्या सैनिकांनी उभारलेला भला थोरला दगड आहे. गावकऱ्यांचे त्यावरून कित्येक वर्षं वाद चालले. पाडला नाही. २०२० मध्ये त्याच्यासमोर आणखी एक आकृती उभी केली. सुरुंगात पाय गमावलेला, कुबडीवर उभा असलेला माणूस. एल अलामेनच्या वाळूत दोन्ही बाजूंनी लाखो सुरुंग पेरले, ते युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं तिथल्या माणसांचे हातपाय तोडत राहिले. ऊन असलं की त्या लंगड्याची सावली रोमेलच्या दगडावर पडते. आम्ही गेलो तेव्हा ढगाळ होतं. भाचा बराच वेळ नुसता उभा राहिला. सॅल्यूट केला नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही, पण मुंबईला आल्यावर फोनवर पुन्हा "तरीपण आत्या, सेनापती म्हणून..." सुरू झालंच! म्हणून हा लेख.

आता पुढच्या खेपेची गोष्ट. इटलीत जर्मन सैन्याचा प्रमुख होता केसलरिंग. रोमजवळच्या आर्देआतिने गुहांत मार्च १९४४ मध्ये ३३५ माणसं मारल्याबद्दल १९४७ मध्ये त्याला फाशी सुनावली, मग जन्मठेप झाली, मग १९५२ मध्ये सुटका. बाहेर आल्यावर, इटलीच्या लोकांनी खरं तर माझं स्मारक उभारायला हवं, असं म्हणाल्याचं त्याच्याबद्दल गाजलं. १९६० मध्ये वारला, बाड वीसे गावी तळ्याकाठी त्याचं थडगं आहे. भाचा म्हणाला, तिथे नेऊ का? म्हटलं, नको. केसलरिंगच्या सैन्याशी लढताना १० जुलै १९४४ ला आपल्या माणगावकडचा नाईक यशवंत घाडगे बावीस-तेवीसाव्या वर्षी पडला. एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं, मागून त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्याचा पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं आहे. तिथे ने मला.

उल्महून गाडीने किती तास लागतात ते तो बघून सांगणार आहे. रात्री मध्ये कुठे मुक्काम करायचा हेही. गुडघ्यांचं काही खरं नाही, पण तोवर टिकतील.